शिवाजीनगरचं एसटी स्टँड नकाशावर कुठे ठेवायचं?

पुण्यात शिवाजीनगर मेट्रो स्थानकातून वर आलेला प्रवासी नाशिकच्या एसटीची चौकशी करतो, तेव्हा त्याला वाकडेवाडीची रिक्षा धरायला सांगतात. एसटीचं शिवाजीनगर स्थानक पूर्वी रेल्वे स्टेशनला खेटून होतं. मेट्रोच्या भुयारी स्थानकासाठी ती जागा मोकळी करावी लागली आणि डिसेंबर २०१९ च्या अखेरीस गाड्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, वाकडेवाडीच्या दूध डेअरीच्या जागेतून सुटू लागल्या. अंतर दोनेक किलोमीटर. मेट्रो १ ऑगस्ट २०२३ रोजी शिवाजीनगरपर्यंत आली. आता ‘शिवाजीनगर’ नावाचं रेल्वे स्टेशन आणि मेट्रो स्थानक शेजारी शेजारी आहेत, आणि त्याच नावाचं एसटी स्टँड मात्र तिथे नाही. गाड्यांच्या पाट्यांवर आणि लोकांच्या तोंडी नाव तेच राहिलं. नाशिक, संभाजीनगर, खानदेश, विदर्भ या बाजूंच्या गाड्या याच स्थानकाच्या. बॅगा, लहान मूल आणि म्हातारी आई बरोबर घेऊन निघालेल्या माणसाला हे दोन किलोमीटर फार महागात पडतात.

पुण्यातल्या एसटीच्या जागा ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावर नीट लावायचं काम आम्ही काही जणांनी हाती घेतलं ते या शिवाजीनगरमुळे. सुरुवातीला वाटलं होतं की एक खूण उचलून दुसरीकडे ठेवायची, एवढंच काम आहे. पण खूण हलवायला घेतली की लगेच पुढचे प्रश्न येतात. खूण कशाची आहे? इमारतीची, आवाराची, की नावाची? जागा कोणाची, चालवतं कोण? शेजारचं आगार यातच धरायचं का? आवारातल्या उपाहारगृहाचं काय? एका स्थानकापुरते हे प्रश्न सुटले की कळतं, महामंडळाच्या राज्यभरातल्या प्रत्येक जागेला तेच लागू आहेत. म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर लिहितो आहे.

ओपनस्ट्रीटमॅप २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केला. कोणीही खातं उघडून त्यात भर घालू शकतं, दुरुस्ती करू शकतं, आणि त्यातली माहिती खुल्या परवान्याखाली कोणालाही वापरता येते. ऑर्गॅनिक मॅप्स, ऑसमअँड अशी मोबाइलवरची कितीतरी अॅप्स हाच नकाशा दाखवतात. व्यापारी नकाशांवर कंपनी आपल्या जागेवर ‘ही आमची’ असा दावा लावते आणि मग त्या जागेचं नाव, वेळ, फोटो तिच्या ताब्यात जातात. इथे तसा दावा लावायची सोयच नाही. आगार व्यवस्थापक आणि कॉलेजात शिकणारी मुलगी यांना दुरुस्तीचा अधिकार सारखाच. दोघांचं जुळलं नाही तर प्रत्यक्ष जागेवर जाऊन जे दिसेल ते धरायचं, हा या नकाशाचा मूळ नियम. मला तो फार मोलाचा वाटतो, कारण त्यात प्रवाशाची बाजू आपोआप धरली जाते. प्रवासीही जागेवरच जातो, महामंडळाच्या कागदपत्रांत जात नाही.

आता एसटीचा पसारा पाहा. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर ही पहिली गाडी धावली. तेव्हापासून ही संस्था जमिनी, इमारती, शेड आणि कार्यशाळा जमवत आली आहे. आज ३१ विभाग आहेत, आगारं अडीचशेच्या आसपास आहेत, दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथे मध्यवर्ती कार्यशाळा आहेत, मुंबई सेंट्रलला मुख्यालय आहे. त्याखेरीज विभागीय कार्यालयं, कर्मचारी वसाहती, चालक-वाहकांची विश्रांतीगृहं, आणि ज्यांना स्थानक म्हणावं की थांबा असा प्रश्न पडतो अशी गावोगावची वाहतूक नियंत्रण केंद्रं. एकच संस्था चालवत असलेल्या इतक्या तऱ्हेच्या जागा महाराष्ट्रात क्वचितच दुसऱ्या कोणाच्या असतील.

सगळं एका मोळीत बांधायचा मोह

अशा वेळी नव्या माणसाला पहिली कल्पना सुचते ती मोळी बांधायची. ओपनस्ट्रीटमॅपवर तीन प्रकारच्या गोष्टी असतात. एक बिंदू, दुसरी रेषा किंवा तिने वेढलेली आकृती, आणि तिसरा रिलेशन, म्हणजे अनेक बिंदू-रेषांना एकत्र धरणारा गट. मग वाटतं, ‘एसटी महामंडळ’ नावाचं एक रिलेशन करावं आणि राज्यातलं प्रत्येक स्टँड, आगार, कार्यशाळा त्यात टाकावी. एका टिचकीत सगळं समोर येईल.

आमच्या गटातही ही सूचना आली आणि तिच्यावर बराच वेळ गेला. ती मान्य न करण्याची कारणं सांगितली पाहिजेत, कारण साखळी दुकानं, बँका, शाळांचे समूह यांच्याबाबत लोक हेच करू पाहतात. रिलेशन हे जमिनीवरच्या एखाद्या खऱ्या गोष्टीसाठी असतं. बसचा मार्ग अनेक रस्त्यांच्या तुकड्यांचा बनतो, तो मार्ग ही खरी गोष्ट. मधे चौक असलेला वाडा ही खरी गोष्ट. ‘महामंडळाच्या सगळ्या जागा’ ही मात्र नुसती यादी आहे, आणि नकाशात याद्या साठवायच्या नाहीत असा तिथला जुना संकेत आहे. संकेतामागे अनुभव आहे. कोणी चंदगडला नवं स्टँड काढलं की त्याला कुठल्यातरी भल्यामोठ्या रिलेशनमध्ये ते जोडायचं लक्षात राहणार नाही, आणि यादी पहिल्या महिन्यातच अपुरी पडेल. शिवाय शेकडो सदस्यांच्या गटात दोघांनी एकाच वेळी बदल केला की तंटा उभा राहतो आणि नवखा माणूस तो सोडवताना काहीतरी उडवून बसतो.

यादीची गरज खरी आहे, पण ती वेगळ्या वाटेने भागते. नकाशावरच्या प्रत्येक गोष्टीला माहितीच्या चिठ्ठ्या जोडता येतात, त्यांना टॅग म्हणतात. प्रत्येक जागेवर ‘ऑपरेटर’ हा टॅग लावायचा, म्हणजे ही जागा चालवणारं कोण, ते लिहायचं. मग ओव्हरपास टर्बो या नकाशातली माहिती शोधून देणाऱ्या संकेतस्थळावर एक लहानशी विचारणा टाकली की त्या क्षणाला असलेली पूर्ण यादी नकाशासकट मिळते. यादी कोणी सांभाळावी लागत नाही, ती दरवेळी ताजी तयार होते.

अट एकच, की सगळ्यांनी नाव एकसारखं लिहिलं पाहिजे. आणि तिथेच गाडं अडतं. ‘एमएसआरटीसी’, ‘एम.एस.आर.टी.सी.’, ‘एसटी’, ‘एस. टी. महामंडळ’, ‘महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ’, त्यातही कोणी इंग्रजी अक्षरांत, कोणी देवनागरीत. माणसाला सगळं एकच वाटतं, संगणकाला हे पाच वेगळे धंदे वाटतात. यावर तोडगा म्हणजे संस्थेचं पूर्ण नाव एकाच रूपात ठरवून घ्यायचं, मराठी नावासाठी वेगळा टॅग ठेवायचा, आणि बरोबर विकिडेटा या खुल्या माहितीकोशातला महामंडळाचा क्रमांक जोडायचा. क्रमांकाला शुद्धलेखन नसतं. नाव कोणी कसंही लिहिलं तरी क्रमांकावरून जागा सापडते. हे ठरलं की ते गटातल्या प्रत्येकाला एकदा सांगून भागत नाही. दर काही आठवड्यांनी विचारणा चालवून बघावं लागतं की कोणी नवं रूप तर आणलेलं नाही.

एका आवारात किती गोष्टी

पुण्यातली स्थानकं गजबजलेली आणि बदलती, म्हणून पद्धत ठरवायला आम्ही आधी तालुक्याच्या गावचं एक साधं स्टँड घेतलं. तसं स्टँड वाचणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. मुख्य रस्त्याला लागून दोन फाटकं, एक आत जायचं, एक बाहेर पडायचं. मधे लांबट इमारत, तिच्या एका अंगाला फलाट. खांबांवर पिवळ्या रंगात फलाटांचे आकडे, त्यातले दोन पुसलेले. मधोमध वाहतूक नियंत्रकाची खिडकी, शेजारी पास काढायची आणि आरक्षणाची. पलीकडे हिरकणी कक्ष, त्याला कुलूप. एका टोकाला उपाहारगृह, दुसऱ्या टोकाला पैसे देऊन वापरायचं स्वच्छतागृह. रस्त्याकडच्या बाजूला गाळ्यांची रांग, त्यांची तोंडं बाजाराकडे आणि पाठी स्टँडकडे. मागच्या भिंतीपलीकडे आगार: डिझेल पंप, गाड्या धुवायचा रॅम्प, खड्डे असलेली दुरुस्तीची शेड, टायरांचा ढीग. आगाराचं फाटक वेगळं आणि तिथे सुरक्षारक्षक.

नकाशावर हे सगळं एका खुणेत बसवलं होतं, आणि ती खूण रस्त्याच्या मधोमध पडली होती. ती काढून आम्ही क्रम असा लावला. आधी स्टँडचं पूर्ण आवार, कुंपणाच्या रेषेने. बसस्थानकाचा टॅग आणि नाव या आवाराला. मग आतली इमारत, तिला फक्त इमारतीचा टॅग. तिला पुन्हा ‘बसस्थानक’ म्हटलं की शोधणाऱ्याला एकाच गावात दोन स्टँड दिसतात. एक गोष्ट एकदाच, हा नियम इथे कडक पाळायला हवा. मग फलाट, जे आकडे खरोखर वाचता येतात तेवढ्यांचे आकडे. कोणत्या फलाटावर कुठली गाडी लागते ते आम्ही लिहिलं नाही. नियंत्रक सकाळी एक सांगतात, सणाच्या गर्दीत दुसरं. कायम रंगवलेली पाटी असेल तरच ते नकाशात जावं. वेळापत्रकही या नकाशात येत नाही, ते दुसरं दालन आहे.

फाटकांचं मोल मला या कामात नव्याने कळलं. आतल्या रस्त्यांवर एकेरी वाहतूक दाखवली, बसखेरीज वाहनांना मज्जाव असेल तिथे तसं लिहिलं, आणि पायी आत शिरायची वाट वेगळी जोडली. मोबाइलवर वाट दाखवणारं अॅप शेवटी रस्त्यांच्या जोडणीवर चालतं. फाटकापाशी रस्ता जोडलेला नसेल तर ते माणसाला आवाराच्या सगळ्यात जवळच्या रस्त्यावर नेऊन सोडतं, आणि तो रस्ता मागच्या भिंतीला लागून असलेली गल्ली असू शकते. रात्री साडेदहाची शेवटची गाडी पकडणाऱ्याला ती गल्ली दाखवणं बरोबर नाही.

आगार वेगळं काढलं. त्याला औद्योगिक जमिनीचा आणि डेपोचा टॅग, आत प्रवेश खासगी. आगार आणि स्टँड दोन्ही महामंडळाचीच, तरी प्रवाशाच्या लेखी एक गाडीत बसायची जागा आहे आणि दुसरी न जाण्याची. कार्यशाळेच्या शेडा, पंप हे उपग्रहचित्रात दिसतात, ते इमारती म्हणून काढले. आत जाऊन मोजमापं घ्यायच्या फंदात पडलो नाही. बाहेरून फोटो काढायच्या आधीही विचारून घेतलं. पलीकडच्या कर्मचारी वसाहतीत इमारतींचे क्रमांक लिहिले, कोण कुठे राहतं ते कधीच लिहायचं नसतं.

मालक, चालक आणि पाटीवरचं नाव

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ‘ऑपरेटर’ शब्द सरसकट वापरल्याने. आवार महामंडळाचं, म्हणून आतल्या प्रत्येक गोष्टीला महामंडळाचं नाव लावायचं, असं सुरुवातीला सगळेच करतात. पण उपाहारगृह परवान्यावर दुसऱ्या कोणाला दिलेलं असतं. स्वच्छतागृह एखादी संस्था ठेक्यावर चालवते. गाळे भाड्याचे. या सगळ्यांत जमीन महामंडळाची आणि कारभार दुसऱ्याचा.

आपल्याकडे हा भेद शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. सातबाऱ्यावर जमीन कोणाच्या नावावर आहे ते सातमध्ये असतं आणि त्यात काय पिकवलं ते बारामध्ये. नकाशावरही तसंच: ‘ओनर’ हा मालकीचा टॅग आणि ‘ऑपरेटर’ हा चालवणाऱ्याचा. दोन्ही एकच असतील तर चालवणाऱ्याचा लिहिला की पुरे. मालकीचा टॅग तर आम्ही जवळजवळ वापरतच नाही, कारण मालकी फलकावर दिसत नाही आणि कागदावरच्या दाव्यांत शिरणं हे नकाशा काढणाऱ्याचं काम नाही. चालवणारं कोण ते मात्र पाटीवर, पावतीवर, दरपत्रकाखाली लिहिलेलं सापडतं. स्वच्छतागृहाबद्दल तक्रार करायची तर कोणाकडे, हे प्रवाशाला यातून कळू शकतं. म्हणून हा टॅग भरणं मला नुसतं नीटनेटकेपणाचं काम वाटत नाही.

तिसरा एक टॅग आहे ‘नेटवर्क’. तो जागेला नसतो, सेवेला असतो. लोक थांब्यावर उभे राहतात ते एसटीसाठी. येणारी गाडी महामंडळाने स्वतः घेतलेली असेल, किंवा भाडेतत्त्वावर घेतलेली आणि चालक ठेकेदाराचा असेल. पुणे-अहमदनगर मार्गावर १ जून २०२२ रोजी विजेवरची शिवाई सुरू झाली. त्यानंतर भाडेतत्त्वावरच्या विजेच्या गाड्याही आल्या. तेव्हा ‘एसटीची गाडी’ म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर मार्गाच्या रिलेशनमध्ये दोन ओळींत द्यावं लागतं: नेटवर्क एसटीचं, चालवणारा दुसरा असेल तर तो. स्टँडच्या आवारावर याचा काही परिणाम होत नाही, आणि होऊ देऊ नये.

हे सगळं कसाला लावणारी जागा म्हणजे स्वारगेट. एका चौकाभोवती एसटीचं स्थानक आहे, पीएमपीएमएलचं आगार आहे, २९ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेलं मेट्रोचं भुयारी स्थानक आहे. पीएमपीएमएल म्हणजे पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी २००७ मध्ये एकत्र होऊन झालेली कंपनी, तिचं मुख्यालयही स्वारगेटलाच. जुने लोक अजून ‘पीएमटी डेपो’ म्हणतात, आणि तेही नाव जुन्या नावाच्या टॅगमध्ये ठेवलेलं बरं, कारण लोक तेच टाइप करतात. तिघांची नावं ‘स्वारगेट’पासून सुरू होतात. दुसऱ्या शहरात बसून उपग्रहचित्रावरून काम करणाऱ्याला सलग पसरलेल्या बस दिसतात आणि तो एकच मोठी आकृती काढून मोकळा होतो. सातारा, कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे निघालेल्या माणसाला मग पीएमपीच्या गाड्यांमध्ये एसटी शोधावी लागते.

स्वारगेटला आम्ही तिन्ही वेगळी ठेवली, प्रत्येकाचं ऑपरेटर वेगळं. आणि इथे मात्र एक रिलेशन केलं, कारण इथे एक खरी गोष्ट आहे: एका वाहनातून उतरून चालत दुसऱ्याकडे जाता येतं. सार्वजनिक वाहतुकीसाठी थांब्यांना एकत्र धरणारं रिलेशन त्यासाठीच असतं. त्यात चालवणाऱ्या संस्था तीन असल्या तरी बिघडत नाही. मोळी बांधायची ती चालत जाता येतं म्हणून, मालक एक आहे म्हणून नव्हे. हे वाक्य आमच्या गटात पुन्हा पुन्हा म्हणावं लागलं आहे.

मग शिवाजीनगरचं काय केलं

वाकडेवाडीचं आवार काढणं सोपं होतं. नावाचा प्रश्न अवघड होता. मुख्य नाव काय लिहायचं? ‘वाकडेवाडी’ लिहिलं तर शिवाजीनगर शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही, किंवा रेल्वे आणि मेट्रोच सापडतात. नुसतं ‘शिवाजीनगर’ लिहिलं तर नाव एकीकडचं आणि जागा दुसरीकडची, बघणाऱ्याला वाटतं की खूणच चुकली आहे. मग कोणीतरी चांगल्या हेतूने ती ओढून रेल्वे स्टेशनजवळ आणून ठेवतो. म्हणून मुख्य नावात दोन्ही: शिवाजीनगर बसस्थानक, वाकडेवाडी. पर्यायी नावांच्या टॅगमध्ये दोन्ही सुटी रूपं. देवनागरीतलं नाव मराठीच्या टॅगमध्ये, रोमन अक्षरांतलं इंग्रजीच्या टॅगमध्ये. कंसात ‘तात्पुरतं’ असं लिहावं अशी एक सूचना होती. ती मी धरली नाही. २०१९ पासून जिथे रोज गाड्या लागतात त्या जागेला तात्पुरतं म्हणून प्रवाशाच्या हाती काही पडत नाही.

जुन्या जागेवर जास्त विचार करावा लागला. ती खूण नुसती पुसली असती तर काय झालं असतं ते सांगतो. संपादनासाठी मिळणारी उपग्रहचित्रं अनेकदा काही वर्षांपूर्वीची असतात. त्यात जुन्या स्टँडच्या जागी बस ओळीने उभ्या दिसत असतील, तर ‘अरे, इथलं स्टँड राहून गेलंय’ असं म्हणून कोणीतरी ते परत काढणारच. त्याचा दोष नाही. म्हणून अशा जागी टॅगच्या आधी ‘वॉज’ असा उपसर्ग लावतात, म्हणजे इथे पूर्वी बसस्थानक होतं. नकाशा दाखवणारी अॅप्स ते दाखवत नाहीत, पण संपादन करणाऱ्याला दिसतं. बरोबर एक साधी टीप: ‘डिसेंबर २०१९ मध्ये स्थानक वाकडेवाडीला हलवलं, उपग्रहचित्र जुनं असू शकतं, कृपया परत काढू नये.’ अशी टीप लिहायला अर्धं मिनिट लागतं आणि पुढच्या किती माणसांची चूक ती थोपवते. कष्टाने मांडलेली माहिती टिकवायची असेल तर पुढच्या संपादकाशी असं बोलून ठेवावंच लागतं.

मूळ जागी पुन्हा स्थानक आणि त्यावर व्यापारी संकुल बांधायची योजना अनेकदा जाहीर झाली आहे. ती नकाशात घेतली नाही. बातमीत आलेली, चित्रात दाखवलेली, भूमिपूजन झालेली इमारत ही अजून इमारत नसते. प्रत्यक्ष काम दिसू लागलं की ‘बांधकाम चालू’ असं दाखवायचं, आणि स्थानकाचा टॅग तिथे न्यायचा तो पहिली गाडी तिथून सुटल्यावर. अशा संकुलात खाली महामंडळाचं स्थानक आणि वर विकासकाची कार्यालयं येतात. तेव्हा मालक आणि चालक यांचा भेद मजल्यामजल्यावर करावा लागेल.

एक व्यवहाराची गोष्ट. ऑफलाइन चालणाऱ्या अॅपमध्ये फोनवर उतरवलेला नकाशा जुना राहू शकतो. दुरुस्ती केल्यावर ‘माझ्या फोनवर तर अजून तसंच दिसतंय’ असं म्हणून कोणी दुसऱ्यांदा दुरुस्ती करायला बसतं आणि दोन खुणा तयार होतात. आधी ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर बघायचं, मग हात लावायचा.

महामंडळाने स्वतः केलं तर?

हा प्रश्न विचारला जातोच. नक्की करावं. आपल्या सगळ्या स्थानकांची, फाटकांची आणि थांब्यांची ठिकाणं त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक असणार? पण कंपनीने किंवा संस्थेने पगारी माणसांकडून ओपनस्ट्रीटमॅपवर काम करून घ्यायचं तर त्याला शिस्त आहे. ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनने २०१८ मध्ये संघटित संपादनासाठी मार्गदर्शक तत्त्वं ठरवली. कोण काम करणार, काय बदलणार, माहिती कुठून आणणार, हे आधी उघड सांगायचं, स्थानिक लोकांशी बोलायचं आणि प्रत्येक बदलासोबत त्याचा उल्लेख ठेवायचा. कोणत्याही संकेतस्थळावर यादी दिसते म्हणून ती उचलून भरता येत नाही, परवाना जुळावा लागतो. आणि व्यापारी नकाशावरून बघून खुणा मारणं तर पूर्णपणे वर्ज्य. संस्थेने आपली यादी योग्य परवान्यावर खुली केली तरी ती डोळे मिटून ओतायची नसते. कागदावर एकच ओळ असलेलं स्थानक जमिनीवर दोन फाटकांचं, तीन ठेकेदारांचं आणि अर्धवट पाडलेलं असू शकतं.

जाहिरात मात्र नको. हॉटेलवाले, बिल्डर, क्लासेसवाले इथे येऊन वर्णनाच्या टॅगमध्ये ‘पुण्यातील सर्वोत्तम’ लिहून जातात, किंवा एका इमारतीतल्या एका खोलीसाठी सबंध इमारतीला आपलं नाव देतात. एकाच धंद्याच्या दहा जागा असतील तर दहा ठिकाणी खरी जागा, खरं नाव, खरी वेळ आणि ऑपरेटरचा एकसारखा टॅग, एवढंच द्यायचं. तेवढंच त्यांच्या ग्राहकालाही हवं असतं.

गावचा थांबा

शहरातलं काम मार्गी लागल्यावर गट तालुक्यांकडे वळला आहे, आणि तिथे ‘एकाच संस्थेच्या जागा’ ही कल्पनाच पुन्हा तपासावी लागते. गावच्या फाट्यावर निवारा शेड असते. ती आमदार किंवा खासदार निधीतून, नाहीतर ग्रामपंचायतीने बांधलेली. शेडवर नाव मोठ्या अक्षरांत असतं ते लोकप्रतिनिधीचं किंवा कोणाच्या स्मरणार्थ दिलेलं. एसटीची पाटी असलीच तर गंजलेली, बऱ्याचदा नसतेच. काही संपादकांनी शेडवरचं नाव थांब्याचं नाव म्हणून लिहिलेलं दिसतं. दुसऱ्या टोकाला, शेड बांधली महामंडळाने असं धरून तिथेही ऑपरेटर लावलेलं दिसतं.

आम्ही शेड आणि थांबा वेगळे धरतो. थांबा म्हणजे गाडी उभी राहते ती जागा: नाव गावाचं किंवा फाट्याचं, नेटवर्क एसटीचं, निवारा आहे की नाही ते हो किंवा नाही. शेड वेगळी काढायचीच असेल तर ती निवारा म्हणून, देणगीदाराचं किंवा लोकप्रतिनिधीचं नाव नको. आणि जिथे शेडही नाही, पाटीही नाही, पण चिंचेखाली रोज सकाळी शाळेची पोरं आणि दुधाचे कॅन उभे असतात आणि गाडी थांबते, तिथेही थांबा आहेच. तो उपग्रहचित्रात दिसणार नाही, महामंडळाच्या यादीत कदाचित वेगळ्या नावाने असेल. गाडी थांबताना पाहिली, वाहकाला नाव विचारलं, की तो लिहून टाकायला हरकत नसते. दुतर्फा रस्ता असेल तर दोन्ही बाजूंना दोन बिंदू, कारण परतीच्या गाडीला पोरं समोरच्या कडेला उभी राहतात.